मनातल्या मॅचमधलं रेड कार्ड

५ फेब्रुवारी

आजपासून मी क्रीडा मानसतज्ज्ञ. क्लबने खोली दिली आहे. खोली म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातलं कोठार. एका भिंतीला जुन्या जाळ्या, दुसऱ्या भिंतीला रेषा मारायच्या फक्कीची पोती, आणि मधे मी. खुर्ची नव्हती म्हणून एका पोत्यावर बसलो. उठलो तेव्हा पँटच्या मागे मैदानासारखी पांढरी रेष उमटली होती. मुली पोट धरून हसल्या. पहिल्याच दिवशी वातावरणातला ताण निवळला, अशी नोंद केली.

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. याआधी मी एका विमा कंपनीत ताणमुक्ती अधिकारी होतो. माझ्या शिबिरांनंतर माणसं इतकी ताणमुक्त झाली की एकामागून एक राजीनामे देऊ लागली. शेवटी कंपनीने मलाच मुक्त केलं. घरी बसलो तेव्हा हिनेच आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. तो इथल्या मुलींच्या टीमचा कोच. "यांना ठेवून घे रे बाबा. दिवसभर घरात बसून माझ्या मनाचा अभ्यास करतात," असं ती म्हणाली. मी शेजारच्याच खोलीत होतो.

मेहुण्याचा मनावर विश्वास नाही. "भावजी, बॉल पायाने मारतात," एवढंच त्याचं शास्त्र. पण त्याची एक अडचण आहे. नऊ नंबरची जर्सी घालणारी मुलगी. वय सतरा, सगळे तिला तोफ म्हणतात. सरावात ती मारते तेव्हा बॉल जाळी फाडून जातो. मॅचमध्ये मात्र गेले काही आठवडे गोलासमोर आली की थिजते. दोन पेनल्ट्या तिने वाया घालवल्या. आणि सीझनच्या शेवटच्या मॅचला मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबच्या निवडकर्त्या बाई तिला बघायला येणार आहेत. पसंत पडली तर नेणार. तिकडेच राहायचं, तिकडेच शिकायचं, तिकडेच खेळायचं. आमच्या क्लबातल्या कुणाचं नशीब आजवर असं उघडलेलं नाही.

"ही मुलगी इथेच राहिली तर मला आरशात तोंड बघवणार नाही," मेहुणा म्हणाला. एरवी तो असं बोलणाऱ्यांतला नाही. "तुम्ही काहीही करा, भावजी. पण तिचा पाय सोडवा."

थिजणं नेमकं कधी सुरू झालं, हे मी शास्त्रोक्त पद्धतीने विचारलं. बाई येणार असल्याचं कळलं त्याच आठवड्यात, असं तो म्हणाला. म्हणजे ते कारण नक्कीच नाही. त्या आठवड्यात तर पोरीची उमेद शिगेला पोचली असणार. कारण दुसरीकडे शोधायला हवं.

९ फेब्रुवारी

मुलींनी आम्हा दोघांना नावं ठेवली आहेत. मेहुणा 'पायाचे सर', मी 'मनाचे सर'. मला आवडलं.

आज स्वसंवाद शिकवला. खेळताना माणूस स्वतःशी जे बोलतो ते चांगलं असावं, असा हा विषय. आमची गोलकीपर अंगापिंडाने भरभक्कम आहे, तिला भिंत म्हणतात. तिला म्हटलं, स्वतःला शाबासकी दे, मोठ्याने दे. ती लगेच लागली. "वा गं भिंते! काय उभी आहेस! काय पाय आहेत!" हे चालू असताना तीन बॉल तिच्या बाजूने आत गेले. तिने त्याबद्दलही स्वतःला शाबासकी दिली. मेहुण्याने दुरून माझ्याकडे बघितलं. मी जाळीच्या मागे गेलो.

तोफेला विचारलं, तू स्वतःशी काय बोलतेस? ती म्हणाली, "सर, मी ऐकते."

"काय ऐकतेस?"

"काही नाही." मग एकदम, "तिकडे वसतिगृहातून फोन कधीही करता येतो का हो?"

मी म्हटलं, त्याची काळजी आत्तापासून कशाला? लक्ष खेळावर हवं. विषय भरकटू दिला नाही, याचं समाधान वाटतं.

१६ फेब्रुवारी

आज हुकमी पत्ता काढला. मनातला सराव. चटईवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि आख्खी मॅच मनात खेळायची. मोठमोठे खेळाडू हे करतात. मेंदूला खरं आणि मनातलं यातला फरक फारसा कळत नाही, असं म्हणतात. कोठाराच्या दारावर मी फक्कीने मोठ्या अक्षरांत लिहिलं: मन आणि मैदान एकच.

पहिला प्रयत्न फसला. थोड्या वेळाने विचारलं, बॉल कोणाकडे आहे? सगळ्यांनी हात वर केले. कॅप्टन उठून बसली. ती मागे बचावाला खेळते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला हरकत घेते, म्हणून तिला वकीलबाई म्हणतात.

"सर, हे चालणार नाही. बॉल एकच पाहिजे. नाहीतर मॅच रद्द."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मग असं ठरलं की जिच्याकडे बॉल तिनेच मोठ्याने बोलायचं. 'मी डावीकडे गेले, पास दिला, तोफ, घे.' मग तोफ बोलणार. शिवाय पंच हवा. पंच मी. ऑफसाइड म्हणजे काय ते वकीलबाईने मला बुटांच्या जोड्या मांडून समजावलं. मला समजलं असं मी सांगितलं.

२४ फेब्रुवारी

यश! काय सांगू! मुली आता सरावाच्या आधी कोठारात येऊन चटया अडवतात. काल आम्ही त्या निळ्या जर्सीवाल्या टीमला धूळ चारली. ज्यांच्यापुढे गेल्या वर्षी आमची दाणादाण उडाली होती त्याच. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी शिट्टी इतकी जोरात वाजवली की मैदानावर खरा सराव करणारी दोन-चार पोरं जागच्या जागी थांबली.

एकच कुरकुर झाली. मनातल्या मॅचमध्ये भिंतीचा स्नायू दुखावला आणि ती कोठारातून लंगडतच बाहेर आली. मेहुण्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, कॉर्नर अडवताना वेडीवाकडी पडले. तो म्हणाला, तू तर झोपली होतीस. ती म्हणाली, सर, मी उडी मारली, विचारा कुणालाही. सगळ्यांनी साक्ष दिली. शेवटी त्याने तिच्या पायाला बर्फ लावला. लावताना ओठ हलत होते, पण शब्द ऐकू आले नाहीत.

घरी जेवताना हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मनातल्या मनात तुम्ही माळ्यावरचा पसारा आवरून तीन वर्षं झाली. तो अजून तिथेच आहे."

शास्त्राचा आणि माळ्याचा काय संबंध?

२ मार्च

सगळ्या मुली सुधारत आहेत आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप तीच अडली आहे. मनातल्या मॅचमध्ये मी तोफेला मुद्दाम पेनल्टी देतो. पंच मीच असल्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही. आज पेनल्टी दिली. तिने चटईवर कूस बदलली. शेवटी म्हणाली, "खांबाला लागला."

पुन्हा दिली. "वरून गेला. कंपाउंडच्या बाहेर."

"हरकत नाही, दुसरा बॉल घे," मी म्हटलं.

"नाही सर, तोच आणते," असं म्हणून ती उठली, बूट घातले आणि खरोखरच फाटकातून बाहेर पडली. आम्ही वाट बघत बसलो. बॉल नाही म्हणून मॅच थांबलेली. बऱ्याच वेळाने मी शोधायला गेलो तर ती कोपऱ्यावरच्या बेकरीत वडिलांना पावाच्या ट्रे उचलून देत होती. मला बघून म्हणाली, "सर, बॉल सापडला नाही."

मी म्हटलं, नीट शोधलास का?

आता लिहिताना या प्रश्नाचं माझं मलाच थोडं आश्चर्य वाटतंय.

६ मार्च

घरच्या परिस्थितीचा अभ्यास करायला मुद्दाम बेकरीत गेलो. मागे राहायची एकच खोली. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई ती लहान असतानाच गेली. बाबा सज्जन माणूस, नखशिखान्त पिठाने माखलेला. मला बसायला पिठाचं पोतं दिलं. माझ्या नशिबी पोतीच आहेत.

निरीक्षणं अशी: बाबांचा चष्मा सारखा हरवतो. तो ओव्हनवर असतो, हे फक्त तोफेला माहीत आहे. बिलावरचे आकडे ती वाचून दाखवते. गोळ्या ती काढून देते. त्यांना स्वयंपाक येत नाही. दुसऱ्यांसाठी पाव भाजणारा हा माणूस ती जेवायला वाढेल तेव्हाच जेवतो. प्रत्येक मॅचला ते एका ठरलेल्या कोपऱ्यात बसतात आणि नियम माहीत नसताना मोठमोठ्याने सल्ले देतात.

मी विचारलं, मुलीने तिकडे जावं असं तुम्हाला वाटतं ना?

"वाटतं म्हणजे? जाऊ दे की! मला काय धाड भरलीय?" असं म्हणून ते हसले आणि मग एकाच ट्रेला दोनदा तेल लावलं.

निष्कर्ष: घरातून पूर्ण पाठिंबा. अडथळा घरात नाही. म्हणजे तो बहुधा डाव्या घोट्यात असावा. मेहुण्याला बघायला सांगितलं.

रात्री ही म्हणाली, "अहो, पण तिला जायचंय का, हे कुणी विचारलंत का तिला?"

मी हसलो. हिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

१८ मार्च

असा अपमान आयुष्यात झाला नाही.

शनिवारी शेवटची मॅच, म्हणून आज रंगीत तालीम घेतली. समोर निळ्या जर्सीवाल्या. मनातच, पण कडक मॅच. अगदी शेवटी मी तोफेला पेनल्टी दिली. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, पंचाने दिलेली पेनल्टी नको म्हणता येत नाही. ती म्हणाली, मला नकोय. मी म्हटलं, घ्यावीच लागेल. त्यावर ती ताडकन उठून बसली आणि डोळे उघडे ठेवून मला जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. पंचाचीही काही इज्जत असते.

मी रागाच्या भरात खिशातून हात काढला आणि तिला रेड कार्ड दाखवलं. कार्ड नव्हतंच, पण हात असा वर केला की सगळ्यांना ते दिसलं. मग वकीलबाई हळूच म्हणाली, "सर, रेड कार्ड म्हणजे पुढच्या मॅचला बंदी."

"बरं मग?"

"पुढची मॅच शनिवारी आहे."

मी म्हटलं, अगं, हे मनातलं कार्ड आहे. तिने दाराकडे बोट दाखवलं. मन आणि मैदान एकच. अक्षर माझंच.

आणि तोफ? मला वाटलं रडेल, पाया पडेल. तिने शांतपणे टी-शर्टवर घातलेली जर्सी काढली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. जाताना गुणगुणत होती. धक्क्याने माणसाचं असं होतं, हे मी वाचलं आहे.

१९ मार्च

मेहुण्याला कुणी तरी सांगितलं. तो कोठारात आला, दार लावलं आणि फक्कीच्या पोत्याला लाथ घातली. पांढरा धुरळा उडाला. त्या धुरळ्यातून त्याचा आवाज आला.

"नसलेल्या मॅचमध्ये, नसलेल्या बॉलवरून, नसलेलं कार्ड! भावजी, तुम्ही माझ्या ताईचे नवरे आहात म्हणून मी गप्प आहे."

तो गप्प नव्हता. पण हे दाखवून देण्याची ती वेळ नव्हती.

त्याने तोफेला बोलावून सांगितलं, शनिवारी तू खेळतेयस. ती म्हणाली, "सर, मला बंदी आहे." टीमला विचारलं. टीम म्हणाली, आम्हाला पण ती हवीच आहे, पण नियम म्हणजे नियम. मनाचे सर खोटे असतील तर आम्ही निळ्यांना हरवलं तेही खोटं. भिंत तर रडायलाच लागली. तिचा दुखरा पाय आत्ता कुठे बरा झाला होता.

मेहुणा डोकं धरून पोत्यावर बसला. मला त्याची दया आली. माझीही आली.

मग मलाच मार्ग सुचला. उद्या मनातच आणखी एक मॅच खेळायची. त्यात तोफ बाहेर बसेल. बंदी संपली. शनिवारी मोकळी. मेहुण्याने माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाला, "मला हे पटतंय. म्हणजे माझ्यातही बिघाड झालाय."

२० मार्च

मॅच पावसाने रद्द झाली.

मनातला पाऊस. सुरुवात झाली तोच तोफ कडेला बसल्या बसल्या म्हणाली, "आभाळ भरून आलंय." भिंत आळशी, तिला निमित्तच हवं होतं. ती म्हणाली, हो गं, थेंब पडायला लागले. बघता बघता सगळ्या म्हणायला लागल्या, धो धो पडतोय. मी ओरडत राहिलो की ऊन आहे, लख्ख ऊन आहे. पण पंचाला पाऊस थांबवण्याचा अधिकार नाही, असं वकीलबाईने निदर्शनास आणलं. रद्द झालेली मॅच बंदीत मोजत नाहीत. दोन जणी केस पुसत बाहेर गेल्या.

आता एकच उपाय. अपील. सुनावणी घ्यायची आणि कार्ड मागे घ्यायचं. खेळाडू अठराच्या आतली असल्यामुळे पालक हजर पाहिजे, असं वकीलबाई म्हणते. बाबांना ओव्हन सोडून येता येत नाही. म्हणून उद्या दुपारी सुनावणी बेकरीत. परवा मॅच.

मला झोप लागणार नाही. मी ज्या मुलीचा पाय सोडवायला आलो तिचे मी दोन्ही पाय बांधून ठेवले आहेत. हे गमतीने लिहीत नाही.

२१ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. अर्थ नंतर लावीन.

बेकरीत अध्यक्ष म्हणून मेहुणा, बचावाला वकीलबाई, साक्षीदार म्हणून भिंत. तिने आल्या आल्या एक पाव संपवला. बाबा ओव्हनपाशी, चष्म्याशिवाय. तोफ दाराच्या चौकटीला टेकून उभी.

वकीलबाई म्हणाली, "कार्ड अपशब्दांसाठी दिलंय. तर मग ते अपशब्द कोणते ते कळले पाहिजेत. सर, सांगा."

मी म्हटलं, सांगवत नाही.

"भिंते, तू ऐकलंस ना? सांग."

भिंतीने घास गिळला. "ती म्हणाली, 'तुम्हाला सगळ्यांना मला इथून घालवायचंच आहे. एकालाही वाटत नाही की हिने राहावं.'"

"यात शिवी कुठे आहे?" वकीलबाईने विचारलं.

मी म्हटलं, पंच पक्षपाती आहे असा ध्वनी त्यातून निघतो. पण माझं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. मेहुणा तोफेकडे बघत होता. तोफ जमिनीकडे. आणि बाबा ओव्हनचं दार धरून उभे होते ते उभेच राहिले. पाव जळायला लागले. वास सुटला, धूर आला, तरी हलले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचा एकही पाव जळला नव्हता, असं मागाहून कळलं.

"शिवी नाही. कार्ड मागे," मेहुणा घाईघाईने म्हणाला.

"थांबा," बाबा म्हणाले. "ते कार्ड-बिर्ड तुम्ही बघा. मला ती मॅच दाखवा. मनातली. मला खेळायचंय."

आणि तो माणूस अ‍ॅप्रनसकट पिठाच्या दोन पोत्यांच्या मधे जमिनीवर आडवा झाला. डोळे मिटले. तोफ म्हणाली, बाबा, उठा, काय हे. ते उठेनात. मग तीही शेजारी आडवी झाली. मला सगळ्यांनी खुणावलं. मी पंच. शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली.

"मी गोलात उभा आहे," बाबा म्हणाले.

"तुम्हाला गोलकीपिंग येत नाही."

"मनातल्या मनात येतं."

"चष्मा?"

"घातलाय."

"नाही घातलेला. ओव्हनवर आहे. मी नसले की तुम्हाला तो..." ती तिथेच थांबली.

"सापडेल. नाही सापडला तर नवीन करीन. तू मार."

"तुम्ही अडवाल."

"नाही अडवणार. मी बाजूला झालोय बघ. गोल मोकळा आहे, बाळा."

"गोलकीपरला असं बाजूला होता येत नाही," वकीलबाई पुटपुटली. भिंतीने तिच्या पायावर पाय दिला.

तोफेच्या डोळ्यांतून पाणी कानापाशी ओघळत होतं. मेहुणा पाठ फिरवून जळलेले पाव मोजल्यासारखं करत होता.

"मारला," ती म्हणाली.

मी विचारलं, कुठे गेला?

"आत."

"बघितला मी," बाबा म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. पण पंच म्हणून मी गोल दिला.

या यशाचं कारण आत्ता माझ्या लक्षात येतंय. कोठारात गारवा असतो. बेकरीत ऊब होती. उबेत स्नायू सैल पडतात. हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

२२ मार्च

हरलो. एक विरुद्ध दोन. तरीही मेहुण्याने मला सगळ्यांदेखत उचललं आणि पाठीत उसण भरून घेतली.

निवडकर्त्या बाई छत्री घेऊन कठड्याला टेकून बसल्या होत्या. तोफ सुरुवातीला अडखळली. बाबांचा नेहमीचा कोपरा रिकामा होता. ती सारखी तिकडे बघायची आणि बॉल हुकवायची. मग पेनल्टी मिळाली, खऱ्या पंचाने दिलेली, मी काही केलं नाही. आणि तेव्हा दिसलं की बाबा बरोब्बर गोलाच्या मागे उभे आहेत. अ‍ॅप्रन तसाच. पंच ओरडला, ओ काका, बाजूला व्हा तिथून.

"झालो, झालो," असं म्हणत बाबा बाजूला झाले. इतक्या मोठ्याने, की आख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

तोफेने बॉल ठेवला. मी शिकवलेला श्वास घेतला नाही, शिकवलेली वाक्यं म्हटली नाहीत. सरळ धावली आणि मारला. जाळीची एक कडी तुटली. मेहुणा ती कडी घरी घेऊन गेला आहे.

त्यानंतर निळ्यांनी दोन गोल केले. दोन्ही वेळा भिंतीने स्वतःला शाबासकी दिली.

बाईंनी तोफेला पसंत केलं. मला विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत? मी म्हटलं, तापमान.

१० एप्रिल

तोफ आज गेली. बसला सोडायला सगळी टीम. बाबांनी एवढे पाव दिले होते की एक पिशवी मांडीवर घेऊन बसावं लागलं. बाबा हसत होते, हातवारे करत होते, ड्रायव्हरला बस कशी चालवायची ते सांगत होते.

बस सुटायच्या आधी तिने मला खिडकीशी बोलावलं आणि म्हणाली, "सर, बाबांचा चष्मा ओव्हनवर असतो."

मी म्हटलं, माहीत आहे की, लिहून ठेवलंय मी.

"हो, पण तरी," ती म्हणाली.

हे तिने मला का सांगावं, याचा घरी येईपर्यंत विचार करत होतो. हिला विचारलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्यापासून आपला पाव त्याच बेकरीतून आणा. तुम्ही स्वतः जाऊन आणा."

२६ एप्रिल

सीझन संपला. मुली सुट्टीवर. क्लबने मला पुढचं वर्ष दिलं आहे, कोठार तेच. आज दुपारी चटया झटकत होतो तर दारात बेकरीवाले बाबा. अंगावर पीठ, डोळ्यांवर चष्मा. चष्मा शोधायला सकाळी मीच गेलो होतो. रोजच जातो.

म्हणाले, "सर, कामात आहात का? एक मॅच खेळायची होती."

मी म्हटलं, टीम नाही आज.

"आहे ना," असं म्हणून ते चटईवर आडवे झाले. चष्मा काढून नीट छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी शिट्टी वाजवली. खेळ सुरू झाला.

"तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं. "गोलात?"

"नाही. मी माझ्या कोपऱ्यात बसलोय. बघतोय."

"आणि बॉल कोणाकडे आहे?"

"तिच्याकडे," ते म्हणाले. "मगाचपासून तिच्याकडेच आहे."

मीही शेजारच्या चटईवर आडवा झालो. पंचाने असं करू नये, पण झालो. डोळे मिटले आणि मला ती दिसली, खरंच दिसली. एवढ्या दिवसांत मला मनातलं पहिल्यांदाच काही दिसलं. मोठं हिरवं मैदान, आणि त्यावर आमची पोर धावतेय. मला हुंदका आला. तो मी आवरला नाही.

हिचा फोन येऊन गेला, जेवण गार होतंय म्हणून. मॅचची वेळ केव्हाच संपली होती. मी शिट्टी खिशात टाकली आणि खेळ चालू ठेवला.